चपट्या पाठीची वाणी

दिघी, ता. श्रीवर्धन, जि. कुलाबा
१४ सप्टेंबर १९५७

पत्राला मायना नाही, तो विसरले म्हणून नव्हे. बराच वेळ टाक हातात धरून बसले होते. तुमचं नाव मी कधी घेतलं नाही. कॉन्व्हेंटात शिकलेली मुलगी, इंग्रजीत भांडते आणि नवऱ्याचं नाव घ्यायला लाजते, म्हणून तुमचे कॉलेजातले मित्र हसायचे. ज्या नावानं मी तुम्हाला हाक मारायची ते आपल्या मुलावरून आलेलं होतं. त्याचं नाव आता नको, बोलण्यात नको, पत्रात नको, असं तुम्ही कलकत्त्याला जाताना म्हणालात. नऊ वर्षं मी ते पाळलं, आणि तेव्हापासून तुम्हाला बोलवायला माझ्याकडे शब्दच उरला नाही. नुसतं 'अहो' लिहून पाहिलं. कागदावर ते फार एकटं दिसतं. म्हणून ती जागा मोकळी ठेवली आहे.

लिहायला कारण झालं ते एका किड्याचं.

परवा सखूबाई न्हाणीमागे गळलेल्या सुपारीच्या झावळ्या उचलत होती. एकदम ओरडली, "वयनी, गोम! गोम!" आणि वहाण शोधायला लागली. मी धावत गेले. झावळीखालच्या ओल्या काळ्या पाचोळ्यावरून ती चालली होती, अगदी सावकाश, कुणी मागे लागलेलं नसल्यासारखी.

"मारू नकोस. गोम नाही ती, वाणी आहे."

"वाणी कशी व्हईल? वाणी आसते गोल, काडीवानी. हात लावला का पैशासारखी गुंडालते. ही बघा कशी चपटी. डसली म्हंजे तुमी नि मी म्हसल्याला डागदराच्या दारात."

दिसते ती गोमीसारखीच, सखूबाईचं चुकलं नाही. पण गोमीची घाई तिच्यात नाही. तांबूस काळा रंग, पाठ चपटी, आणि प्रत्येक कड्याच्या दोन्ही बाजू कौलाच्या कडेसारख्या बाहेर आलेल्या. त्या कडांवर हळदीचं बोट टेकवल्यासारखा एकेक पिवळा ठिपका. खाली पायांची लाट निघते, शेपटाकडून डोक्याकडे जाते, आणि पुन्हा निघते. मी तिला पानावर घेतलं. बोटांना कडू बदामाचा वास लागला. पुण्याच्या कॉन्व्हेंटात नाताळच्या आधी सिस्टर बर्नडीन बदाम कुटायच्या, तेव्हा सगळ्या जिन्यातून हाच वास यायचा.

हा वास मला काही आता पहिल्यांदाच आला नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तो सहा वर्षांचा होता. असाच एक किडा पाटीवर घेऊन तुमच्या टेबलाशी आला होता. "बाबा, ही बघा दिघीची आगगाडी. डब्यांत दिवे लागलेत." इथे आगगाडी कधी येणार, हे तो तेव्हा सगळ्यांना विचारायचा. तुम्ही खाडीतल्या शिंपल्यांचं काम करत होतात. मान वर न करता पण अगदी प्रेमानं म्हणालात, "सोडून दे तिला बागेत. रविवारी आपण हिचं नाव शोधू."

तर हिचं नाव काय, एवढंच विचारायचं होतं.

तुमची
सत्यवती


दिघी
२२ नोव्हेंबर १९५७

तुमचं कार्ड आलं. चार ओळी. तरी मी ते आरशाच्या कडेला खोचून ठेवलं आहे. अक्षर बदललेलं नाही, फक्त लहान झालंय.

ही गोम नव्हे हे बरोबर, असं तुम्ही लिहिलंत. गोमीला दर कड्याला पायांची एक जोडी, हिला दोन. चपट्या पाठीच्या वाणींचा मोठा गोतावळा आहे आणि त्यातली नेमकी जात कळायला नमुना हवा, स्पिरिटमध्ये घालून. हिला डोळे नसतात, हेही तुम्हीच लिहिलंत. मी पुन्हा जाऊन पाहिलं. खरंच नाहीत. पुढच्या दोन मिशा जमिनीवर टेकत, जणू कुणाचा तरी हात धरून ती चालते.

आणि शेवटची ओळ: "जिवंत असताना घट्ट बाटलीत कोंडू नये. स्वतःच्याच वासाने मरतात." ही ओळ मी बऱ्याचदा वाचली.

आता स्पिरिटचं ऐका. दारूबंदीच्या राज्यात बाईमाणसानं स्पिरिट मागायचं म्हणजे काय, ते कलकत्त्यात बसून तुम्हाला कळायचं नाही. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, "कशाला हवंय?" मी म्हटलं, "किडा बुडवायला." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी चष्मा सारखा करून परत आले. शेवटी सखूबाईच्या भावानं अडचण सोडवली. मागच्या वर्षी त्याची भट्टी पोलिसांनी फोडली, पण एक बाटली चुलीमागे राहिली होती. ती अशी की पाहूनच डोळ्यांत पाणी येतं. हे पत्र टपालात कुणी उघडू नये म्हणजे मिळवली.

पार्सल गेलं आणि तिसऱ्या दिवशी टपालवाला धर्मा ते घेऊन परत दारात.

"वयनी, ह्ये गलतंय. म्हसल्याचा पोस्टमास्तर इचारतो, दिघीच्या वयनी कलकत्त्याला बाटली कुनाला धाडतात?"

"साहेबांना."

"सायबांना तिकडं भेटत न्हाय?"

ओसरीवर बसून आम्ही दोघांनी बूच मेणानं पुन्हा बंद केलं. धर्मा जाताना म्हणाला, "आत किडा हाय ह्ये मी सांगनार न्हाय. बाटली हाय म्हटलं तर लोकांना पटंल तरी."

किती दिवसांनी मी मोठ्यानं हसले. हे तुम्हाला सांगावंसं वाटलं.

सत्यवती


दिघी
९ फेब्रुवारी १९५८

तुमचं उत्तर वाचलं. "वाढ अपूर्ण. पूर्ण वाढ झालेल्यास वीस कडी असतात, यास एकोणीस. अशा अवस्थेत जात ठरवता येत नाही. नाव देता येणार नाही."

तुम्ही किड्याबद्दल लिहिलंत, हे मला समजतं. मी काही वेडी नाही. पण कार्ड हातात घेऊन मी मागच्या दारात बसून राहिले. खाडीवर धुकं होतं, पलीकडचं आगरदांडा दिसत नव्हतं, आणि जंजिरा पाण्यावर तरंगत कुठेतरी निघाल्यासारखा वाटत होता. सखूबाईनं दोनदा चहा आणून दोनदा गार करून नेला.

वाढ पुरी झाली नाही म्हणून नाव नाही, असं कसं हो? आपल्यात तर नाव बाराव्या दिवशी ठेवतात. पाळण्यात घालून, कानाशी वाकून, कुर्र करून. ते मूल पुढे किती वाढणार, हे कुणी तेव्हा विचारत नाही.

तुमचं शास्त्र वेगळं आहे. मी दुसरा नमुना शोधते.

सत्यवती


दिघी
३० ऑगस्ट १९५८

तुम्ही सांगितलंत तसंच केलं. मुरंब्याची रुंद तोंडाची बरणी घेतली, तळाला वाडीतली माती, वर सुपारीचा कुजका पाला, आणि तोंडाला मलमलीचा तुकडा, म्हणजे कोंडायला नको. त्यात वाडीत सापडलेली दुसरी लहान आगगाडी सोडली. उन्हाळाभर ओंजळीनं पाणी शिंपत राहिले.

जूनमध्ये ती दिसेनाशी झाली. मला वाटलं, गेली. सखूबाई म्हणाली, "फेका ती बरनी, मुरंब्याला लागंल." मी ती खिडकीत ठेवून दिली. मग एका दुपारी ऊन तिरपं आलं आणि काचेला लागून मातीचा एक लहानसा घुमट दिसला. वाटाण्याएवढा, आतून लिंपल्यासारखा गुळगुळीत. त्याची एक बाजू काचेचीच असल्यामुळे आत दिसत होतं. ती आत वळसा घालून निजली होती. पांढरीफटक. दिवे विझलेले.

तुम्ही कळवलंत की ती कात टाकते आहे, हलवू नकोस. मी हलवलं नाही. त्या खिडकीतला पडदाही ओढला नाही. दुपारी मी तिच्यासमोर विणायला बसायची आणि सुया हातातच राहायच्या. मला वाटायचं, आपण सगळेच कुठल्या ना कुठल्या मातीत असा घुमट करून निजलो आहोत, आणि बाहेर कुणीतरी बरणी फेकायची की ठेवायची ते ठरवतंय. तुमच्या कलकत्त्याच्या खोलीला खिडकी आहे का, हे मी कधी विचारलंच नाही.

परवा ती बाहेर आली. टाकलेली कात तिनं स्वतःच खाऊन टाकली होती. पाठीवर पुन्हा पिवळे दिवे, आणि भिंगाखाली मोजलं तर कडी वीस.

आता ती मोठी झाली. आता तरी नाव द्याल ना? पार्सल आज निघतंय. बूच पक्कं आहे.

सत्यवती


दिघी
१८ नोव्हेंबर १९५८

मादी! म्हणजे मादीवरून जात ओळखता येत नाही तर. सखूबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "बाईच्या जातीला कुठं कोन ओलखतो, वयनी?" हे तुमच्या निबंधात घाला.

तुमचं दोन पानी पत्र मात्र मी जपून ठेवलंय. पहिलं दोन पानी पत्र. नराच्या सातव्या कड्यावरची पायांची एक जोडी चालण्यासाठी राहत नाही, तिचं निराळ्या अवयवात रूपांतर होतं, आणि त्याचा आकार प्रत्येक जातीत वेगळा असतो, असं तुम्ही लिहिलंत. तो अवयव कशासाठी, हे सांगायची वेळ आली तेव्हा तुम्ही मराठी सोडून इंग्रजीत शिरलात, आणि पुढच्या वाक्यात इंग्रजी सोडून लॅटिनमध्ये. मी पंचावन्नाची झाले हो. आणि लॅटिन मला येतं, हे तुम्ही विसरलात. सिस्टर बर्नडीननी विभक्त्या पाठ करून घेतल्या होत्या, त्या ह्यासाठी उपयोगी पडतील असं त्या बिचारीला स्वप्नातही वाटलं नसेल.

मला समजलं ते असं: एका घराची चावी दुसऱ्या घराला लागत नाही. बाहेरून सगळी घरं सारखी, ओळख पटते ती चावीवरून.

पण ह्या वर्षीचा पाऊस गेला, आणि मोठी झालेली सगळी आता मरून गेली असतील. नर हवा तर पुढचा पावसाळा यायला हवा. मी थांबते. मला थांबायची सवय आहे.

तुम्हाला एक खरं सांगते. मला जात नको आहे, शोधही नको आहे. मला तो रविवार हवा आहे. "रविवारी आपण हिचं नाव शोधू" असं तुम्ही त्याला म्हणाला होतात आणि तो पाटी घेऊन नाचत बाहेर गेला होता. नंतर कधी परीक्षांचे पेपर, कधी शिंपले, रविवार पुढे जात राहिला. त्यात कुणाचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पुढे खूप रविवार आहेत असंच सगळ्यांना वाटतं.

सत्यवती


दिघी
३ सप्टेंबर १९५९

नर सापडला.

कुठे, ते सांगायला मला थोडा वेळ द्या.

वाडीच्या खालच्या टोकाला, भरतीचं पाणी येत नाही तिथे, नामा नावाड्याची एक होडी उपडी पडली आहे. तुम्हाला माहीत असलेलीच. अकरा वर्षांत तिनं पाणी पाहिलेलं नाही. आता तिच्या पाठीवर नेचे उगवलेत, लाकूड मऊ होऊन हातात येतं. सगळी वाडी शोधून झाली होती, म्हणून मी काठीनं तिची एक फळी उचलली. तिच्याखाली त्या सगळ्या. जोडीजोडीनं, संथ, पिवळे दिवे लावून चाललेल्या. एखाद्या मोठ्या स्टेशनात सगळ्या गाड्या एकदम आल्यासारख्या. मी तिथेच चिखलात बसले.

नामा जाळं शिवत बसला होता. तो उठून आला. आता त्याला नीट दिसत नाही.

"काय भेटलं, वयनी?"

"आगगाडी."

तो आणखी जवळ आला. होडीवर हात ठेवून उभा राहिला. मग आपण होऊन सांगायला लागला. मी विचारलं नव्हतं, अकरा वर्षांत कधीच विचारलं नव्हतं.

"त्या दिसाला सायेब सारके म्हनत व्हते, नामा, वल्हव. मी म्हटलं, सायेब, मी वल्हवतोय, पानी आयकत न्हाय. मुरुडाहून इंजेक्शन घेऊन निंगालो तवा वारा समोरचा. सायबांनी इंजेक्शनचा डबा सदऱ्याच्या आत पोटाशी धरला नि माज्या हातचं वल्हं घेतलं. कुनी सांगितलं तर पटायचं न्हाय, वयनी. धक्क्याला लागलो तर वल्हं लाल. हाताची कातडी निंगाली व्हती. मी म्हटलं, फडकं बांधतो. तर म्हनले, आधी पोराला टोचू दे."

तुम्ही मला हात दाखवले नव्हते. घरात आलात तेव्हा ते पाठीशी धरले होते. मला वाटलं होतं, तुम्हाला त्याच्याकडे पाहवत नाही. घटसर्पानं त्याचा घसा मिटून पाऊण तास झाला होता आणि तुम्ही दारात उभे होतात, हात मागे, पावसानं निथळत. "उशीर झाला" एवढंच म्हणालात. आजपर्यंत तेवढंच म्हणत आला आहात. मी ते कधीच म्हटलं नाही. म्हणायची संधीही तुम्ही दिली नाहीत. त्यानंतर तुम्ही खाडी ओलांडली नाहीत. गेलात तेही म्हसळ्याच्या रस्त्यानं, बैलगाडीतून.

मोरू शेवटपर्यंत तुमची वाट पाहत होता. मोरू. लिहिलं मी, रागवायचं तर रागवा. बोलता येत नव्हतं, म्हणून त्यानं बोटानं खिडकीकडे दाखवलं, खाडीकडे. घाबरलेला नव्हता हो. बाबा येताहेत हे त्याला माहीत होतं. कुणी येणार आहे हे माहीत असताना जाणं, हे तितकंसं वाईट नसावं, असं मी स्वतःला सांगत आले आहे. आज तुम्हालाही सांगते.

सोबत नर. सातव्या कड्याखालचा भाग मी भिंगातून पाहून त्याचं चित्र काढलंय. खूप वेळ लागला. वळलेला आकडा, टोकाला दोन फाटे, एक लहान, एक मोठा. सिस्टर बर्नडीननी डोळे मिटायला लावले असते. मी मिटले नाहीत. फार देखणा आहे.

सत्यवती


दिघी
१२ जून १९६०

परदेशातल्या संग्रहालयांतून नमुने मागवून, जुन्या सगळ्या चित्रांशी ताडून तुम्ही आता खात्रीनं म्हणता की अशी चावी कुणाकडेच नाही. ही जात नवी आहे. नवी म्हणजे माणसांना नवी. ती बिचारी आपली केव्हापासून झावळ्यांखालून चालतेच आहे.

माझं चित्र निबंधात घेणार, हे वाचून मी सखूबाईला पेढा दिला. तिनं विचारलं, कशाचं चित्र? मी म्हटलं, पायाचं. खोटं नाही ते.

मागच्या पत्रात मी त्याचं नाव लिहिलं. तुम्ही रागावला नाहीत. त्याबद्दल एक अक्षरही काढलं नाहीत. नामानं सांगितलेल्या गोष्टीवरही नाही. नऊ महिन्यांत तुमची पाच पत्रं आली आणि पाचही किड्याची. मी तक्रार करत नाही. एका जागी मोकळं बोलता येत नसलं की माणूस दुसऱ्या जागी बोलतो, हे मला कळायला लागलं आहे. तुमच्या पत्रांत हल्ली स्वल्पविराम वाढलेत.

"जिथे सापडली त्या गावावरून, दिघीवरून, नाव द्यावे असा विचार आहे," असं तुम्ही लिहिलंत.

बरं. दिघी चांगलं नाव आहे. लहान आहे, उच्चारायला सोपं. इथल्या लोकांनाही बरं वाटेल. धर्मा म्हणेल, आपल्या गावाचं नाव कलकत्त्याच्या पुस्तकात आलं. गावावरून नाव द्यायचा प्रघातच असेल, आणि प्रघात मोडायला मी कोण?

इकडे बाकी ठीक. सुपारीला यंदा बहर बरा आहे. तुमच्या मामांनी लावलेलं जायफळ पहिल्यांदाच धरलं.

सहज आठवलं म्हणून विचारते. पुरुषाच्या नावावरून किड्याला नाव दिलं, तर लॅटिनमध्ये नावाच्या शेवटी ई लावतात ना? षष्ठी विभक्ती. सिस्टर बर्नडीन वर्गात एकेक मुलीला उभं करून घोकून घ्यायच्या. मला अजून येते की नाही, ते पाहत होते. उत्तराची घाई नाही.

सत्यवती


दिघी
५ फेब्रुवारी १९६१

मोरूच्या बाबांस,

तुमचा छापील निबंध आणि पत्र गेल्या आठवड्यात आलं. धर्मानं पाकीट नाकाशी नेऊन हुंगलं आणि म्हणाला, "वयनी, आज गलत न्हाय."

पाकीट फोडलं तरी मी लगेच वाचलं नाही. आधी चित्रं पाहिली. माझा आकडा तुम्ही तसाच ठेवलात, मोठ्या फाट्याला जरा जास्त बाक आलाय तोसुद्धा सुधारला नाहीत. मग सापडण्याचं ठिकाण वाचलं: दिघी, सुपारीच्या वाडीत, जुन्या होडीच्या कुजक्या लाकडाखाली. होडीखाली हे लिहायलाच हवं होतं असं नाही. नुसतं लाकूड म्हटलं असतं तरी शास्त्राला चाललं असतं. तुम्ही होडी लिहिलीत.

मग पानाच्या माथ्याकडे गेले. पहिला शब्द घराण्याचा. तुमच्या शास्त्रात आडनाव आधी येतं. पुढचा शब्द तिरक्या अक्षरात होता.

सखूबाई समोर सुपात तांदूळ निवडत होती. मी मोठ्यानं वाचलं, "मोरेश्वरी."

तिनं मान वर केली. "कोन मोरेश्वरी? कुनाला पोरगी झाली?"

"पोरगी नाही गं. आपल्या किड्याचं नाव आहे."

"बाईचं नाव?" तिनं सूप आपटलं. "म्हंजे पुन्ना मादीच निंगाली? दोन पावसाले चिखलात बसून?"

मी इतकी हसले, इतकी हसले की मला चष्मा काढावा लागला. तो बराच वेळ पुन्हा लावता आला नाही. सखूबाई उठून जवळ आली, पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग मी तिला लॅटिन शिकवलं.

"त्या भाषेत शेवटची ई बाईची नसते, सखूबाई. ती ई म्हणजे आपलं चा, ची, चे. मोरेश्वराचा. मोरेश्वराची."

"आपल्या मोरूची?"

"आपल्या मोरूची."

तिनं ते तोंडातल्या तोंडात घोळवून पाहिलं. "मोरेश्वराची वाणी," ती म्हणाली.

तिला म्हणायचा होता तो किडा. मला ऐकू आलं ते दुसरंच. घरात कुणीतरी फार दिवसांनी बोलल्यासारखं झालं. अगदी बारीक, पाटी घेऊन टेबलाशी उभं राहून.

संध्याकाळी ती तेच म्हणत गावभर फिरून आली. शेजारच्या येसूबाईच्या ओटीवर, धक्क्यावर, सगळीकडे. आता इथे कुणी झावळीखालच्या वाणीला वहाण मारत नाही. काल येसूबाई आपल्या सुनेला ओरडताना ऐकलं, "मारू नको गो, मोरेश्वराची हाय ती."

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय, आगरदांड्याहून होडी किती वाजता सुटते. म्हसळ्याच्या रस्त्यानं आता एस.टी. येते, हे मी तुम्हाला मागे कळवलं होतं. तरी तुम्ही होडीचं विचारलंत. मी ते वाक्य नामाला वाचून दाखवलं. तो खाडीकडे तोंड करून बसला होता. तसाच बसून म्हणाला, "सायबांना लिवा, वेल न्हाय. पानी भरलं का निंगायचं. नि लिवा का, वारा या म्हयन्यात पाठीचा आसतो."

आत्ता वाणी फारशी दिसायची नाही. लहान होत्या त्या बहुतेक मातीत आपापला घुमट बांधून निजल्या आहेत. तरी या. बरणी खिडकीतच ठेवली आहे.

भरती पाहून निघा, आणि जमलं तर रविवार धरून या.

तुमची
मोरूची आई